मायावतीचा तो २.६ खोडू नका

नाशिकहून एकांनी विचारलंय, ते थोडक्यात असं. गेले तीन महिने ते घराच्या गच्चीवरून मायावती (अल्गॉल) हा तारा पाहतायत. बहुतेक रात्री ती २.१, फार तर २.२ प्रतीची वाटते. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा वाढला की तारा मंद.) नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी साडेसातला त्यांनी २.६ लिहिलं आणि त्याच रात्री साडेनऊला २.२. "दोन तासांत एवढा फरक म्हणजे माझाच अंदाज चुकला असणार. नोंदी पाठवण्याआधी तो २.६ खोडू का? आणि उपग्रहांच्या जमान्यात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नोंदींना किंमत आहे का, की आधी चांगली दुर्बीण घेऊ?"

दुर्बिणीचं नंतर बघू. आधी तो २.६. तो खोडू नका. तीन महिन्यांच्या वहीत कदाचित तोच सगळ्यात मोलाचा आकडा असेल. असेलच असं मी म्हणत नाही, कारण तुम्ही तारीख दिलेली नाही आणि इथे सगळं तारखेवर अडलंय. तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: डोळ्यांना एक दिसलं आणि मनाला दुसरंच अपेक्षित होतं, तर वहीत काय ठेवायचं? मी गेली २२ वर्षं रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी करते आहे आणि नव्याने येणारा प्रत्येक जण पहिल्या वर्षात इथेच अडखळतो. मी तर सहा वर्षांनंतरही अडखळले होते, आणि तेही याच ताऱ्यापाशी.

मायावती म्हणजे ययाती तारकासमूहातला अल्गॉल. दिसायला एक तारा, पण तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतायत. एक निळसर पांढरा आणि तेजस्वी, दुसरा आकाराने थोडा मोठा पण बराच मंद. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद तारा आपल्या बाजूने पुढे येतो, तेजस्वी ताऱ्याचा मोठा भाग झाकतो आणि मायावती २.१ वरून ३.४ प्रतीपर्यंत उतरते. हे ग्रहण सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण दहा तास चालतं, पण पहिल्या आणि शेवटच्या अडीच-तीन तासांतला बदल डोळ्यांना कळत नाही. कळतो तो मधल्या चार-पाच तासांतला. म्हणजे जवळजवळ ६९ तासांच्या फेऱ्यातले चार-पाच तास, आणि त्यातलेही बरेच दिवसा किंवा तारा मावळलेला असताना. मनाला येईल तेव्हा गच्चीवर जाऊन बघितलं, तर आठवडेच्या आठवडे २.१ लिहावं लागणार. तुमच्या वहीतला एकसुरीपणा अगदी रास्त आहे.

आता समजा त्या दिवशी मायावतीचा नीचांक, म्हणजे ती सगळ्यात मंद होण्याचा क्षण, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास होता. तेव्हा उजेड, त्यामुळे तो कुणालाच दिसला नाही. दोन तासांनी, साडेसातला, ती वर चढताना २.५-२.६ च्या आसपास असणार आणि साडेनऊला २.२. तुमचे दोन्ही आकडे ग्रहणातल्या या चढत्या तेजाच्या आलेखावर नेमके बसतात. तुम्ही ज्याला चूक म्हणताय ती ग्रहणाची शेपटी असू शकते.

"असू शकते" हे मी जपून लिहितेय, आणि इतकं जपून का, ते एका रात्रीमुळे.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचा पहिला आठवडा, अमावास्येच्या आसपासची रात्र. भोरच्या पुढे नीरा देवघर धरणाच्या बाजूला एका उघड्या माळावर आम्ही तिघं गेलो होतो: मी, मला आकाश दाखवायला शिकवणारे निवृत्त गुरुजी आणि कॉलेजातला एक मुलगा. शिवाय जीपचे चालक, ते भोरचेच. मायावतीचा नीचांक १९.४० ला आहे असं मी डायरीत उतरवून आणलं होतं. सात वाजता सतरंज्या अंथरल्या, टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावला आणि वाट बघत बसलो. पुण्याचा उजेड उत्तरेला क्षितिजालगत होता, बाकी आकाश काळंभोर. ईशान्येला ययाती बराच वर आलेला.

सात चाळीसला मी वहीत लिहिलं: २.६. गुरुजींनी स्वतंत्रपणे लिहिलं: २.५. मुलाने लिहिलं: २.७. तिघांचं एकमत झालं की तारा मंद झालाय, अजून थोडा होईल. मी तर त्या मुलाला समजावून सांगत होते, "बघ, नेहमीची झळाळी नाही."

चालक शेकोटीसाठी काटक्या गोळा करत होते. ते जवळ आले, तेव्हा गुरुजींनी सहज त्यांना दोन तारे बोटाने दाखवले. एक मायावती, दुसरा देवयानी तारकासमूहाच्या पायाकडचा अल्माक, जो कायम २.१ प्रतीचा असतो. विचारलं, "यातला मोठा कुठला?" त्यांनी दोनदा इकडून तिकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, दोन्ही सारखेच हायेत की. ह्यो जरा तांबूस हाय, एवढंच."

अल्माक तांबूसच आहे. ज्याने आयुष्यात हे दोन तारे कधी निरखले नव्हते, त्याने एका नजरेत रंगातला फरक सांगितला आणि तेज सारखं असल्याचंही. गुरुजी एकदम गप्प झाले. मग त्यांनी माझ्याकडून डायरी मागून घेतली आणि विचारलं, "ही वेळ कुठली?" मी ज्या सारणीतून वेळ उतरवली होती तिथे वर जागतिक वेळ असं लिहिलेलं होतं आणि मी ते उतरवलंच नव्हतं. १९.४० यूटी. त्यात साडेपाच तास मिळवले की आपल्याकडे रात्रीचा १ वाजून १० मिनिटं. म्हणजे सात चाळीसला ग्रहण सुरूसुद्धा झालेलं नव्हतं. मायावती पुऱ्या तेजात होती आणि तीन माणसांना, त्यातल्या एकाला ३० वर्षांचा अनुभव असताना, ती अर्ध्या प्रतीने मंद दिसली होती. दिसली होती, कारण ती मंद असायला हवी होती.

मी वहीतला २.६ खोडायला गेले. गुरुजींनी माझा हात धरला. म्हणाले, "राहू दे. शेजारी लिही, नीचांकाची वेळ चुकीची समजून घेतलेला अंदाज. आणि आता वेळ विसरून नव्याने बघ." ते पान अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. घड्याळ मुलाकडे दिलं. दर अर्ध्या तासाने तो फक्त "आता" म्हणायचा, वेळ सांगायचा नाही. आम्ही बघून आपापल्या कागदावर आकडा लिहायचा, कागद दुमडून त्याच्याकडे द्यायचा आणि त्याने मागे वेळ टाकायची. आधीचा आकडा समोर नाही, दुसऱ्याचा माहीत नाही. दव इतकं पडत होतं की कागद मऊ पडले, पेन उठेना, सगळं पेन्सिलीने लिहिलं.

दहाच्या आधीचे आमचे आकडे २.१, २.२, पुन्हा २.१. साडेदहाच्या कागदावर मी २.३ लिहिलं आणि मला शंका होती. साडेअकराला शंका उरली नाही, २.७. बाराच्या सुमारास ती ययातीतल्याच एप्सिलॉन या २.९ प्रतीच्या ताऱ्याच्या बरोबरीला आली. त्यानंतरचा तास मी कधी विसरणार नाही. आपण ज्याला स्थिर समजतो ते आकाश डोळ्यांदेखत बदलत होतं, आणि तेही कसलाही आवाज, हालचाल नसताना. ययातीची ओळखीची आकृतीच वेगळी दिसू लागली. ययातीतला सगळ्यात ठळक तारा मिरफाक तसाच झळझळीत, आणि त्याच्या खालचा तो ठळक ठिपका जाऊन तिथे एक साधासा तारा. एकच्या पुढे मी ३.४ लिहिलं, त्रिकोण तारकासमूहातल्या अल्फा ताऱ्याइतकंच. चालक शाल गुंडाळून जीपमध्ये झोपले होते, चहाला उठले, वर बघितलं आणि आपण होऊन म्हणाले, "मघाचा त्यो बारका झाला की ओ."

अडीचला ती पुन्हा एप्सिलॉनच्या बरोबरीला आली. उतरताना बरोबरी बाराला, चढताना अडीचला, दोन्हींचा मध्य सव्वाएक. सारणीत एक दहा. पाच मिनिटांचा फरक, आणि हातात साधन म्हणाल तर दोन डोळे आणि पेन्सिल. इतकी जवळची वेळ मला पुढे क्वचितच मिळाली. त्यात नशिबाचाही भाग होता.

ही युक्ती तुम्हीही वापरा. नीचांकाच्या क्षणी तेज इतकं सावकाश बदलतं की नेमकी वेळ पकडता येत नाही. पण उतरताना आणि चढताना ती एखाद्या ताऱ्याच्या बरोबरीला येते ते क्षण स्पष्ट कळतात. त्यांचा मध्य काढायचा.

आता तुमच्या संध्याकाळकडे परत येऊ, कारण तिला दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात साडेसातला आपल्याकडे मायावती क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर असते. अल्माक तिच्या आधी उगवतो, त्यामुळे तो ३० अंशांच्या वर असतो. खालच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जास्त जाड थरातून येतो, त्यात शहराची धूळ आणि धूर. एवढ्यानेच मायावती अल्माकपेक्षा दोन-तीन दशांश प्रत मंद वाटू शकते. साडेनऊपर्यंत दोन्ही तारे वर येतात आणि हा फरक जवळजवळ मिटतो. म्हणजे ग्रहण नसतानाही संध्याकाळी मंद आणि नंतर ठळक असा क्रम दिसू शकतो! म्हणून तुम्ही कोणत्या ताऱ्याशी तुलना केलीत हे मला कळायला हवं. फक्त अल्माकशी केली असेल, तर २.६ मधला बराचसा भाग हवेचा असू शकतो. मिरफाकशी केली असेल, तर माझा विश्वास वाढेल, कारण त्या वेळी मिरफाक आणि मायावती जवळपास सारख्याच उंचीवर असतात.

म्हणूनच मी तुलनेला एक तारा कधीच घेत नाही. एक लक्ष्यापेक्षा ठळक, एक मंद, आणि दोन्ही शक्य तितके त्याच उंचीवर. मायावतीसाठी माझी नेहमीची साखळी: मिरफाक १.८, अल्माक २.१, एप्सिलॉन २.९, त्रिकोणातला बीटा ३.०, अल्फा ३.४. मायावती अल्माकच्या खाली आणि एप्सिलॉनच्या वर असेल, तर त्या दोघांमधल्या अंतराचे मनात चार भाग करायचे. पहिल्या भागाशी वाटली तर २.३, मधोमध वाटली तर २.५. वहीत आधी "अल्माकपासून एक भाग, एप्सिलॉनपासून तीन" असं लिहायचं आणि आकडेमोड सकाळी करायची. रात्री आकडा काढायला बसलं की मन आपोआप कालच्या आकड्याकडे ओढ घेतं.

एका ताऱ्यापासून मात्र सांभाळा. मायावतीच्या अगदी शेजारी ययातीतला ऱ्हो आहे. नीचांकाच्या वेळी तुलनेला तो इतका सोयीचा वाटतो की हात तिकडेच जातो. पण तो स्वतःच रूपविकारी आहे, साधारण ३.३ ते ४.० यांच्यामध्ये सावकाश हलत असतो. पहिल्या हिवाळ्यातल्या माझ्या काही नोंदी याच्यामुळे बिघडल्या होत्या. आणि तांबूस ताऱ्यांकडे टक लावून बघू नका. जितकं जास्त बघाल तितका तो ठळक वाटू लागतो. झटकन नजर टाकायची, दुसऱ्याकडे वळायची, पुन्हा यायचं. अल्माकच्या बाबतीतही हे लागू आहे.

नोंद कुठे पाठवायची म्हणाल, तर जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करणारी अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून हे काम करते आहे. त्यांच्या नकाशांवर ताऱ्यांच्या प्रती दशांश चिन्हाशिवाय छापलेल्या असतात, २.९ च्या जागी २९, कारण चिन्हाचं टिंब तारा समजलं जाऊ शकतं. नोंदीसोबत शेरा म्हणून एखादं अक्षर जोडता येतं: तारा खाली होता तर 'एल', आकाश उजळलेलं होतं तर 'बी', अंदाजच डळमळीत असेल तर 'झेड'. तुमच्या २.६ ला यातली एक-दोन अक्षरं लागू होतील. शंकेला तिथे जागा ठेवलेली आहे, त्यामुळे आकडा लपवायची किंवा गुळगुळीत करायची गरजच पडत नाही. दहा जणांचे खरेखुरे, थोडे विस्कळीत अंदाज एकत्र आले की त्यांचा मध्य ताऱ्याच्या जवळ जातो. दहा जणांनी सारणी बघून सुधारलेले आकडे दिले, तर त्यातून आधीची सारणीच परत मिळते.

आता किमतीचा प्रश्न. मायावतीचा ठरावीक काळाने मंद होण्याचा क्रम पहिल्यांदा मांडला तो जॉन गुडरिक या इंग्लंडमधल्या यॉर्कच्या १८ वर्षांच्या मुलाने. त्याला ऐकू येत नव्हतं. १७८२ च्या नोव्हेंबरात त्याने ती मंद झालेली पाहिली, हिवाळाभर डोळ्यांनी पाठपुरावा केला आणि १७८३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं. एखादी मंद वस्तू ताऱ्यापुढून जात असावी, ही शक्यताही त्याने तेव्हाच मांडली. वर्णपटावरून तिच्यावर शिक्कामोर्तब व्हायला १८८९ साल उजाडलं. आपल्याकडे बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र सरकारी तिजोरीत कारकून होते. घरच्या तीन इंची दुर्बिणीतून त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या हजारो नोंदी केल्या आणि त्या इतक्या भरवशाच्या ठरल्या की एएव्हीएसओने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली.

हे जुनं झालं असं म्हणाल, तर २०१९-२० चा हिवाळा आठवा. मृगातला काक्षी (बीटलज्यूस) मंद होत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीच्या आसपास पोहोचला. मी तो रोज रोहिणीशी ताडून बघत होते. मग रोहिणी खूपच ठळक वाटू लागली आणि तुलनेला मृगाच्या दुसऱ्या खांद्याचा तारा घ्यावा लागला. मोठ्या दुर्बिणी आणि उपग्रह मंद तारे टिपण्यासाठी घडवलेले असतात, इतक्या ठळक ताऱ्याने त्यांचे कॅमेरे दिपतात. अशा ताऱ्यांवर रोज नजर ठेवायला आजही हौशी माणसंच लागतात. मायावतीची एक नोंद शास्त्रात भर घालेल का? एकटी नोंद नाही घालणार, हे प्रामाणिकपणे सांगते. पण तिच्यावर घडलेला डोळा काक्षीसारख्या प्रसंगी उपयोगी पडतो, कारण काक्षी कधी लहर बदलेल हे कुणी आधी सांगत नाही.

दुर्बीण आत्ता घेऊ नका. इतक्या ठळक ताऱ्यांसाठी ती अडचणच करते, कारण तुलनेचे दोन तारे एका वेळी नजरेत येत नाहीत. वर्षभर डोळ्यांनी काम करा, मग १० बाय ५० ची द्विनेत्री घ्या. तिच्यातून तिमिंगल तारकासमूहातला मायरा हा रूपविकारी तारा ३३२ दिवसांच्या फेऱ्यात उजळताना आणि विझताना पाहता येतो, नीचांकाजवळचा काळ सोडून. नाशिकच्या गच्चीवरून नीचांकाची ३.४ प्रत दिसेल का, हे तुमच्या गल्लीतल्या दिव्यांवर आहे. त्रिकोणातला अल्फा दिसतोय का, एवढं आधी तपासा. तो दिसत नसेल, तर नीचांकाच्या रात्री शहराबाहेर जा.

अशी रात्र निवडायची कशी? एक नीचांक रात्री सोयीच्या वेळी सापडला की पुढचा तीन दिवसांनी ३ तास ११ मिनिटं आधी येतो. आज रात्री एक दहाला असेल, तर तीन रात्रींनी दहाच्या ठोक्याला आणि त्यानंतरच्या तीन दिवसांनी पावणेसातला. अशी दोन-तीनची साखळी लागते आणि मग बरेच दिवस खंड. साखळीतला मधला, दहाच्या आसपासचा, नीचांक धरा. उतरण आणि चढण दोन्ही हाती लागतात आणि तारा डोक्यावर असतो. पावसाळ्यात वही बंदच ठेवावी लागते, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ वाया घालवू नका. सोबत कुणी असेल, तर नीचांकाची वेळ त्याच्याकडे द्या आणि तुम्ही विचारू नका.

त्या नोव्हेंबरच्या नोंदीची तारीख, तुलनेचे तारे आणि ढग-धुकं काही होतं का, एवढं कळवा. मी सारणी लावून बघते. आणि साडेसात ही घड्याळातली वेळ की यूटी, तेही शेजारी लिहा.